स्टार वॉर्स व्हिजन्स: हात जपानी, गोष्ट कोणाची?

प्रश्न असा आला आहे: "मी अ‍ॅनिमे नियमित बघतो, पण स्टार वॉर्सचा एकही चित्रपट पाहिलेला नाही. तरी 'स्टार वॉर्स: व्हिजन्स' बघू का? कुठून सुरुवात करू? आणि हे खरंच अ‍ॅनिमे आहे, की अमेरिकन कंपनीने जपानकडून करवून घेतलेलं काम?"

बघा. चित्रपट न पाहता बघा, काही अडत नाही. सुरुवात 'द ड्युएल'पासून करा. तिसरा प्रश्न मात्र दोन ओळींत संपणारा नाही. मी मुंबईत स्टोरीबोर्डचं, म्हणजे दृश्यं चौकटीचौकटीने आधी कागदावर काढण्याचं, काम करतो आणि आमच्या धंद्याचं निम्मं आयुष्य नेमक्या त्याच प्रश्नाच्या सावलीत गेलं आहे, त्यामुळे थोडं ऐकून घ्या.

आपल्याकडच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओंची रोजीरोटी बहुतांशी 'सर्व्हिस'च्या कामावर चालते. परदेशातून पटकथा येते, पात्रांची डिझाइन्स येतात, बऱ्याचदा बोर्डही तिकडूनच पक्का होऊन येतो. इथे मॉडेलिंग, रिगिंग, अ‍ॅनिमेशन, लायटिंग, कॉम्पोझिटिंग होतं. पाठवलेला शॉट 'रिटेक' होऊन परत येतो, त्यावर 'डोळे जरा मोठे' अशी नोंद असते, आणि आपण डोळे जरा मोठे करतो. ह्यात कमीपणा काही नाही. कौशल्य लागतं, घरं चालतात. पण पडद्यावर जे दिसतं ते 'आपलं' आहे का, असं विचारलं तर प्रामाणिक माणूस नाहीच म्हणेल. हात आपले असतात, गोष्ट दुसऱ्याची.

मोठ्या परदेशी चित्रपटमालिकांची जपानी अ‍ॅनिमे रूपं बघताना मी पहिल्यांदा हेच तपासतो की गोष्ट कोणी लिहिली. २००३ सालच्या 'द अ‍ॅनिमेट्रिक्स'मध्ये ९ लघुपट होते, त्यांतल्या ४ लघुपटांच्या संहिता मूळ 'मेट्रिक्स'च्या वाचोव्स्कींनी स्वतः लिहिल्या होत्या. बाकीच्यांत दिग्दर्शकांना मोकळं रान. नेटफ्लिक्सवर २९ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या 'टर्मिनेटर झीरो'मध्ये प्रकार वेगळा. ८ भाग, चित्रं जपानच्या प्रॉडक्शन आय.जी. स्टुडिओची, दिग्दर्शन मासाशी कुदो यांचं, पण लेखणी अमेरिकेच्या मॅटसन टॉमलिन यांच्या हाती. गोष्ट १९९७ च्या टोकियोत घडते, तरी तिची हाडं हॉलिवूडची आहेत: प्रत्येक भाग एका झटक्यावर थांबतो आणि प्रत्येक गुपिताला पुढे उत्तर मिळतं. वाईट नाही. मला आवडली. पण तिथे जपानी स्टुडिओ पाहुण्याच्या स्वयंपाकघरात रांधतो आहे हे जाणवतं.

'व्हिजन्स'मध्ये लुकासफिल्मने, म्हणजे स्टार वॉर्सच्या मूळ कंपनीने, हे उलटं केलं. २२ सप्टेंबर २०२१ रोजी डिस्ने प्लसवर पहिला खंड आला, त्यात ७ जपानी स्टुडिओंचे ९ लघुपट होते. स्टुडिओंना सांगितलं गेलं की कल्पना तुम्ही आणा, आणि ती मूळ मालिकेच्या अधिकृत इतिहासात बसलीच पाहिजे असं नाही. बाहेरच्या माणसाला ही सवलत किरकोळ वाटेल. स्टार वॉर्सच्या जगात ती फार मोठी आहे. डिस्नेने २०१२ मध्ये लुकासफिल्म विकत घेतली आणि २०१४ मध्ये तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, खेळ ह्यांतला बहुतेक सारा पसारा 'लेजेंड्स' असं नाव देऊन अधिकृत इतिहासाच्या बाहेर काढला. तेव्हापासून नवं जे काही निघतं, ते कोणत्या साली घडतं, कोणाशी विसंगत आहे, हे बघायला तिथे स्वतंत्र मंडळी आहेत. अशा घरात कोणी म्हणावं की तारखा विसरा, वंशावळ विसरा, तलवारी आणि रोबो घ्या आणि तुमचं करा! कीर्तनकाराला आख्यान ठरवून दिलं जातं, निरूपण मात्र त्याचं स्वतःचं असतं, तसाच हा व्यवहार झाला. आख्यान सगळ्यांना ठाऊक असलं की निरूपणाला जागा मिळते.

म्हणूनच चित्रपट न पाहिलेल्याचं अडत नाही. एवढं माहीत असलं की पुरे: 'फोर्स' नावाची एक सर्वव्यापी शक्ती आहे, ती सद्हेतूने वापरणारे योद्धे ते जेडाय, सत्तेसाठी वापरणारे ते सिथ. दोघांकडे प्रकाशाची तलवार असते, तिच्या आत कायबर नावाचा स्फटिक बसवलेला असतो. सिथची तलवार लाल. उरलेलं पडद्यावर कळतं.

आता 'द ड्युएल'. कामिकाझे डोगा ह्या स्टुडिओचा, ताकानोबु मिझुनो यांचं दिग्दर्शन, पात्रांची रेखाटनं ताकाशी ओकाझाकी यांची. एक भटका योद्धा एका खेड्यात येऊन चहा पीत बसतो, खेड्यावर हल्ला होतो, हल्लेखोरांची म्होरकी सिथ आहे. कथा एवढीच. पण चित्रण पाहा: जवळजवळ सगळं कृष्णधवल, वर जुन्या फिल्मचा खरखरीतपणा, रेषा पेन्सिलीने ओढल्यासारख्या, आणि रंग फक्त तलवारींना नि यंत्रांवरच्या दिव्यांना. हे हाताने काढलेलं वाटतं, पण आतून त्रिमितीय संगणकीय काम आहे, आणि हा निर्णय मला फार हुशारीचा वाटतो. प्रकाशाची तलवार ही हाताने चित्रं काढणाऱ्याची डोकेदुखी असते. ती स्वतःच दिवा आहे, आणि तो दिवा सतत हलतो. म्हणजे चेहऱ्यावरचा, कपड्यांवरचा, मागच्या भिंतीवरचा उजेड दर चित्राला बदलायला हवा. एका सेकंदात २४ फ्रेम. 'टूज'वर काम केलं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी सेकंदाला १२ चित्रं, आणि प्रत्येकात नव्या सावल्या. त्रिमितीत हा हिशेब यंत्र करतं. मग मिझुनो यांच्या चमूने वाचलेली मेहनत कुठे घातली? यंत्राचा गुळगुळीतपणा घालवण्यात. खरखर, रेघोट्या, धूर, पाऊलभर उडणारी धूळ. संगणकाचं काम संगणकाचं दिसू नये म्हणून इतका खटाटोप करायला धीर लागतो, आणि निर्मात्याला ते पटवायला त्याहून जास्त.

कोणाच्या हातात कोणत्या रंगाची तलवार, ह्यावर गोष्टीतली खरी मेख आहे. ती सांगत नाही. कृष्णधवल चौकटीत एकच रंग ठेवण्याचं कारण तिथे पोचल्यावर कळतं. नुसतं 'जुन्या जपानी दिग्दर्शक कुरोसावासारखं दिसावं' म्हणून रंग काढून घेतलेला नाही.

कुरोसावांचं नाव निघालंच आहे तर: जॉर्ज लुकास यांनी १९७७ चा पहिला स्टार वॉर्स चित्रपट करताना अकिरा कुरोसावांच्या १९५८ सालच्या 'द हिडन फोर्ट्रेस'चं ऋण मान्य केलेलं आहे. मोठ्यांच्या लढाईत सापडलेले दोन भांडखोर सामान्य शेतकरी तिकडे, दोन कुरकुरे रोबो इकडे. दृश्य बदलताना एक चित्र दुसऱ्याला बाजूला सारतं ती 'वाइप'ची पद्धतही तिकडचीच. त्यावरून 'व्हिजन्स' म्हणजे उसनवारीची परतफेड, असं एक वाक्य सगळीकडे फिरतं. मला ते अर्धवट वाटतं. जपानी दिग्दर्शकांनी लुकासकडून कुरोसावा परत घेतला हे खरं, पण सोबत 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चा चित्रकार तेझुकाही आणला, विशाल रोबोंचा कल्लोळ आणला, रॉक बँडसुद्धा आणला. परतफेडीपेक्षा हा प्रत्येकाने आपापलं दुकान मांडण्याचा प्रकार जास्त आहे.

ट्रिगर ह्या स्टुडिओचं दुकान घ्या. हिरोयुकी इमाइशी यांचा 'द ट्विन्स' हा जुळ्या भावाबहिणीचा लघुपट बघून स्टार वॉर्सचे जुने भक्त बिथरतात, कारण त्यात माणूस शिरस्त्राणाशिवाय अवकाशात उभा राहतो, यानावर उभं राहून तलवार चालवतो, आणि कोणी मरत नाही. ज्याने 'किल ला किल' किंवा 'प्रोमेअर' पाहिलं आहे तो मात्र ओळखीच्या घरी आल्यासारखा बसेल. इमाइशींच्या चित्रभाषेत भौतिकशास्त्र भावनेच्या मागून चालतं. पात्र ओरडलं की रेषा जाड होतात, चौकट फाटते. ह्या माणसाला 'अवकाशात हवा नसते' अशी रिटेकची नोंद कोणी पाठवली नाही, हेच मला त्या लघुपटात सर्वांत जास्त दिसतं. त्याच ट्रिगरमधून, त्याच खंडात, मासाहिको ओत्सुका यांचा 'द एल्डर' आहे: गुरू, शिष्य, दूरचा ग्रह, एक म्हातारा सिथ. संथ, कमी बोलणारा, पोज धरून ठेवणारा. दोन्ही लागोपाठ पाहा, म्हणजे 'स्टुडिओची शैली' ह्या शब्दावर किती विसंबायचं ते कळेल. शैली शेवटी दिग्दर्शकाची असते.

आणि दिग्दर्शकाची असते ती बोर्डमुळे. अ‍ॅनिमेत बोर्डला 'एकोन्ते' म्हणतात आणि तो अनेकदा दिग्दर्शक स्वतः काढतो. उभ्या पानावर चौकटी, शेजारी हालचालीची सूचना, संवाद, आणि प्रत्येक तुकड्याची लांबी सेकंद नि फ्रेममध्ये लिहिलेली. संकलन जणू आधीच झालेलं. आपल्याकडे बोर्ड पाच जणांत वाटला जातो, मग अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे बोर्डची चित्रं वेळेवर जोडलेला कच्चा व्हिडिओ, बनतं, मग बैठका होतात, आणि बैठकीगणिक एक कोपरा घासला जातो. आमच्यातल्या नव्या मुलांना मी सांगतो की 'व्हिजन्स' बघायची तर आवाज बंद करून एकदा बघा. कुठे चौकट थांबते ते मोजा. मारामारीच्या आधीचा थांबा मारामारीपेक्षा लांब असतो.

माझ्या लेखी पहिल्या खंडातली सर्वांत चांगली लिहिलेली गोष्ट केंजी कामियामा यांची 'द नाइन्थ जेडाय', प्रॉडक्शन आय.जी.ची. 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' ही मालिका करणारा हा माणूस, त्यामुळे डोकं कायम संशयकथेत चालतं. एक सरदार सात अनोळखी लोकांना मंदिरात बोलावतो, जेडाय पुन्हा उभे करायचे आहेत म्हणून. तलवारी घडवणारा कारागीर दुसरीकडे, त्याची मुलगी कारा त्या तलवारी घेऊन पळते आहे. इथे कामियामा एक नियम नव्याने शोधतात: तलवारीचा रंग धरणाऱ्याच्या मनाप्रमाणे उमटतो. एवढ्या एका नियमाने संपूर्ण नाट्य उभं राहतं, कारण तलवार हाती आल्याबरोबर प्रत्येकाचं पितळ उघडं पडणार. अधिकृत इतिहासाशी हे जुळवायची सक्ती असती तर हा नियम पहिल्या बैठकीतच मेला असता. पुढे ह्याच गोष्टीतून स्वतंत्र मालिका जाहीर झाली.

सायन्स सारूचे दोन आहेत. आबेल गोंगोरा यांचा 'टी-ओ-बी-वन' हा जेडाय व्हायचं स्वप्न बघणाऱ्या रोबो-पोराचा, तेझुकांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'ला केलेला उघड नमस्कार. गोंगोरा स्पॅनिश आहेत, हे 'खरं अ‍ॅनिमे' म्हणजे काय ह्यावर हुज्जत घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. दुसरा युनयंग चोई यांचा 'आकाकिरी'. तो मुलांना दाखवू नका, शेवट कडू आहे. त्याची खरी गंमत आपल्या कानांसाठी आहे. संगीत यू-झान यांचं आहे. हे जपानी तबलावादक, अनिंदो चटर्जी आणि झाकीर हुसेन यांच्याकडे शिकलेले. जपानी राजकन्या, सिथ मावशी आणि तबला! पहिल्यांदा ऐकताना मी मागे जाऊन पुन्हा लावलं.

'द व्हिलेज ब्राइड' हा कायनेमा सिट्रसचा, हितोशी हागा यांचा. डोंगरातलं खेडं, ओलीस जाणारी नववधू, आणि लांबून बघणारी 'एफ' नावाची जेडाय. गावकरी फोर्सला 'माजिना' म्हणतात आणि ती त्यांच्या झाडापाण्यात आहे असं मानतात. केव्हिन पेन्किन यांचं संगीत ह्या लघुपटाचा निम्मा जीव आहे. 'लॉप अँड ओचो' मध्ये सशासारख्या दिसणाऱ्या दत्तक मुलीची गोष्ट आहे, घर फुटतं ती. डोळ्यांत पाणी आणते, आणि मग ऐन मोक्याला संपते. 'टॅटुइन ऱ्हॅप्सडी' रॉक बँडवाला. गाणं चाललं तर चाललं; माझ्यासाठी नाही चाललं.

तक्रारही सांगतो. एवढं मोकळं रान देऊनही पहिल्या खंडातल्या बऱ्याच गोष्टी एकाच वाटेने जातात: एकटा फिरस्ता येतो, लोक संकटात असतात, तो तलवार काढतो, निघून जातो. ९ पैकी ३ तरी सरळ ह्या साच्यात बसतात. ह्याचा दोष कल्पकतेला देण्याआधी लांबी बघा. साधारण १३ ते २२ मिनिटं. तेवढ्यात नवा ग्रह, नवी माणसं आणि नवा संघर्ष उभा करायचा तर प्रेक्षकाला आधीच पाठ असलेला आराखडा घेणं भाग पडतं. दुसरी पळवाट म्हणजे गोष्ट अर्धी सोडणं, आणि तीही इथे भरपूर आहे. काही लघुपट स्वतंत्र कथा कमी आणि पुढच्या मालिकेचे नमुने जास्त वाटतात. आमच्या भाषेत 'पायलट'. निर्मात्याला दाखवायला उत्तम, प्रेक्षकाला हुरहुर.

दुसरा खंड ४ मे २०२३ रोजी आला, आणि तो काटेकोर अर्थाने अ‍ॅनिमे नाही. ह्या वेळी स्टुडिओ जगभरचे: आयर्लंड, स्पेन, चिली, फ्रान्स, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका. आणि भारतातून मुंबईचा ८८ पिक्चर्स. आमच्या धंद्यात ह्या बातमीचं महत्त्व काय होतं, ते मी सुरुवातीला जे सर्व्हिसचं पुराण लावलं त्यावरून समजेल. हा स्टुडिओ ड्रीमवर्क्सच्या 'ट्रोलहंटर्स'सारख्या मालिकांची कामं करून उभा राहिलेला. ह्या वेळी मात्र गोष्ट इथून गेली. इशान शुक्ला यांनी दिग्दर्शित केलेला 'द बँडिट्स ऑफ गोलाक': भाऊ आणि लहान बहीण आगगाडीतून पळताहेत, साम्राज्याची माणसं मागावर, वाटेत एक ढाबा, आणि त्या ढाब्यावरची म्हातारी दिसते तशी साधी नाही. दूरच्या दीर्घिकेत ढाबा बघून काहींना हसू आलं. मला नाही आलं. लुकासच्या वाळवंटातल्या गुत्त्याला कोणी हसत नाही, मग ढाब्यालाच का? पटकथा थोडी घाईची आहे, खलनायक एकरंगी आहे, हे मान्य. पण रंगांची निवड बघा: धूळ, हळदी पिवळा, गेरू, दिव्यांचा उजेड. तो उजेड परदेशातून आलेल्या 'कलर स्क्रिप्ट'वर, म्हणजे दृश्यागणिक रंग ठरवून देणाऱ्या आराखड्यावर, बेतलेला नाही, हे बघताक्षणी कळतं.

२९ ऑक्टोबर २०२५ च्या तिसऱ्या खंडात काम पुन्हा जपानी स्टुडिओंकडे गेलं आणि काही जुन्या गोष्टी पुढे सरकल्या: 'द ड्युएल'चा दुसरा भाग, 'द नाइन्थ जेडाय'चा दुसरा, 'एफ'ची परतभेट. पुढचे भाग काढायला लागलं की मोकळीक हळूहळू आटते. स्वतःच्याच आधीच्या भागाशी जुळवावं लागतं. म्हणून ह्या खंडात माझी नजर नव्यांवर जास्त खिळली, त्यातही डेव्हिड प्रॉडक्शनच्या 'ब्लॅक'वर. दिग्दर्शक शिन्या ओहिरा. १९८८ च्या 'अकिरा'पासून ज्यांची रेषा अ‍ॅनिमेटर लोक थांबवून थांबवून बघतात, ते हे. साम्राज्याचा एक साधा शिपाई, पराभवाची घटका, आणि त्याच्या डोक्यात चाललेला गोंधळ. संवाद जवळजवळ नाहीत. रेषा वितळते, माणूस धुरात जातो, परत माणूस होतो. पात्र 'मॉडेल शीट'प्रमाणे, म्हणजे ठरलेल्या नमुनाचित्राप्रमाणे, दिसलं पाहिजे हा नियम इथे सरळ धाब्यावर बसवला आहे. सर्व्हिसच्या कामात पहिल्या दिवशी शिकवलेला नियम तोच.

तर तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पैसा अमेरिकेचा, नाव अमेरिकेचं, मालकी हक्कही त्यांचेच. गोष्ट मात्र करणाऱ्यांची. ह्याला आउटसोर्सिंग म्हणत नाहीत.

बघण्याचा क्रम विचारला आहे म्हणून सांगतो. पहिल्या रात्री 'द ड्युएल', 'द नाइन्थ जेडाय' आणि 'द ट्विन्स' एवढे तीन. एक चित्राचा, एक गोष्टीचा, एक वेडाचा. त्यातलं काहीच रुचलं नाही तर पुढे जाऊ नका, वेळ वाचवा. रुचलं तर 'द व्हिलेज ब्राइड', 'लॉप अँड ओचो', 'आकाकिरी'. मग दुसऱ्या खंडातून 'द बँडिट्स ऑफ गोलाक' आणि आयर्लंडच्या कार्टून सलूनचा 'स्क्रीचर्स रीच', जो भयकथेच्या अंगाने जातो आणि संपूर्ण दुसऱ्या खंडात मला सर्वांत बांधीव वाटला. जपानी लघुपटांना जपानी आवाजच लावा, खाली उपशीर्षकं. इंग्रजी डबिंगला नट मोठे आहेत, वाईट केलेलं नाही, पण थांब्यांचा तोल ढळतो. बोर्डमध्ये जिथे शांतता लिहिली होती तिथे कोणीतरी श्वास घेतो. 'ब्लॅक' सगळ्यात शेवटी, मोठ्या पडद्यावर, खोलीतला दिवा बंद करून. मोबाइलवर बघणार असाल तर राहू द्या.